बेताल रिंगटोन

पोलिसांचा सायरन वाजला. नामदेव जवळा निवडत राहिला.

कोंबडा आरवला. नाही.

देवळातली घंटा. काच फुटल्याचा आवाज. तान्ह्या पोराचं रडणं. मग कुणी एक बाई इंग्रजीत 'फोन उचला' म्हणून किंचाळते तो आवाज. संध्या सासऱ्याच्या पाठीमागे उभी राहून फोनवर एकामागून एक वाजवत होती, आवाज शेवटपर्यंत चढवलेला. मागच्या खोलीतल्या भाडेकरूने खिडकीतून डोकं काढून विचारलं, "भाभी, सब ठीक?" ओट्यावरचं मांजर उठून निघून गेलं. नामदेव पाटावर बसून सुपातला बारीक कचरा वेचत होता आणि त्याची मानसुद्धा हलली नव्हती.

"बाबा!"

तेही नाही.

शेवटी ती समोर येऊन उभी राहिली, तेव्हा त्याने वर बघितलं आणि खुशीत विचारलं, "कवा वाजवतंस? मी तयार हाय."

*

तयार कशाला, ते आधी सांगायला हवं.

नामदेवच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आठवड्यातून तीनदा त्याचं रक्त मशीनमधून फिरून परत अंगात यायचं. हॉस्पिटलच्या प्रतीक्षायादीत त्याचं नाव होतं. कुठेतरी कुणाचा मेंदू मरणार, घरचे होकार देणार, रक्तगट जुळणार, आणि मग फोन येणार. नावापुढे दोन नंबर दिलेले. एक संध्याचा, एक त्याचा स्वतःचा.

संध्याचा नंबर दिवसभर असून नसल्यासारखा. नावड्याच्या अलीकडे औषधांच्या एका कारखान्यात ती पॅकिंगला होती. तिथे मोबाईल गेटवर जमा करायचा आणि बिल्ला घेऊन आत जायचं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेरचं जग बुडालं तरी कळायचं नाही. नवरा कुंदन मालवाहू जहाजावर, त्याला रेंज मिळाली तर मिळाली. सासू काशी सकाळी पाटी घेऊन बाजारात जायची. तिने फोन कधी बाळगलाच नाही. "ओल्या हातान धरला का घसरतं मेला," म्हणायची.

उरला नामदेवचा फोन. आणि फोनशेजारी नामदेव.

एकदा तो वाजला होता. माघातल्या एका सकाळी, कंपनीने दिलेल्या बारीक चिवचिवाटात. नामदेव शेजारीच बसून दाढी करत होता. आरशात फोनचा उजेड लागला, विझला, परत लागला. त्याला वाटलं, बाहेर ऊन हलतंय.

सुट्टीत संध्याने उलटा फोन लावला. हॉस्पिटलच्या कोऑर्डिनेटर नंदिनी मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. म्हणाल्या, "पुढच्या पेशंटला बोलावलं, ताई. किडनी थांबत नाही हो."

पुढच्या तपासणीला डॉक्टरांनी फाईल मिटली आणि तिला एकटीला बाहेर घेतलं. हृदय दमत चाललंय. पावसाळ्यानंतर ऑपरेशन झेपेल असं मी लिहून देणार नाही.

म्हणजे आणखी एक संधी. झाली तर.

हे तिने काशीला सांगितलं नाही. काशीने तोंडावरून ओळखलं आणि कोलंबी सोलत राहिली.

*

कानात घालायचं मशीन आणून झालं होतं. "कानात मच्छर पाललाय," असं म्हणून नामदेवने ते काढून कपाटात ठेवलं. फोन थरथरता ठेवला, तर तो खुर्चीवरून आपला आपण सरकत सरकत मोरीत पडला. खिशात ठेव म्हणावं, तर साखरेने मांड्या बधिर.

कान कशाने गेले, ते त्यांच्या सारसोळे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नामदेव बेंजो पार्टीचा ढोलकीवाला. नेरूळचे सेक्टर उभे राहत होते तेव्हापासून गावातली एक हळद त्याच्याशिवाय झाली नव्हती. एका बाजूला बेंजो, दुसऱ्या बाजूला माणसाएवढा स्पीकर, मधे हा. संध्या साताऱ्याकडची, वाशीच्या मार्केटात गोणी उतरवणाऱ्या वाराई कामगाराची पोर. तिच्या स्वतःच्या हळदीत सासरा वाजवत होता आणि ती घाबरून कानात बोटं घालून बसली होती. त्यावरून काशी अजून चिडवायची. "घाटी पोरगी. हलदीला बसली का बॉम्ब फुटाची वाट बघत, तेच कलना."

*

नेरूळ स्टेशनजवळ प्रीतमचं मोबाईलचं दुकान. प्रीतम पार्टीत कीबोर्ड वाजवायचा. आता काचा बदलतो, चार्जर विकतो आणि गणपतीत हात शिवशिवले की कुणाच्या तरी मंडपात जाऊन बसतो.

"वहिनी, टेन्शन नको. नेटवर लाखभर रिंगटोन पडलेत."

पडलेले होतेच. डाउनलोड करा. इथे दाबा. इथे नाही, इथे. अभिनंदन, तुम्ही जिंकलात. तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे. प्रेमाचे टोन, देवाचे टोन, बॉसचे टोन, बायको रागावल्याचे टोन. एका ठिकाणी 'जगातला सर्वांत मोठा आवाज' लिहिलेलं होतं. दाबलं तर वजन कमी करायच्या चहाची जाहिरात सुरू झाली आणि काही केल्या थांबेना.

संध्याने घाम पुसला. तिला वाटलं, या लाखातला एक, एवढंच तर पाहिजे. आणि आपण इथे उभ्या असताना फोन तिकडे वाजतोय

"काका तिकडे एकटेच?" प्रीतमने विचारलं.

"आई आहेत आत्ता."

"मग श्वास घ्या."

तिने घेतला. प्रीतम विचार करत कानामागे खाजवत होता. मग म्हणाला, "ऐकू येत नाही असं नाय वहिनी. बारीक आवाज मेलेत त्यांचे. जाडे जिवंत असतील. आणि ओळखीचा आवाज असला ना, तर कान अर्धाच ऐकतो, बाकीचं डोकं भरून घेतं." त्याने खणातून एक पेनड्राइव्ह काढला. त्यात पार्टीच्या जुन्या कॅसेटी उतरवून ठेवल्या होत्या. एका हळदीतला तुकडा त्याने कापला, बारीक स्वर दाबले, ढोलकी वर काढली.

घरी येऊन तिने पाठीमागे उभं राहून तो वाजवला.

सूप थांबलं.

नामदेव वळला. डोळे भरलेले. "यो मीच हाय ना?"

संध्याने तोच तुकडा परत लावला. आत काशीने भांडं जरा जोरातच आपटलं. आनंदाचं की कशाचं, ते कळलं नाही.

*

काशीचं वेगळंच होतं. गावातल्या बायका तिला सांगायच्या, एकवीरेला नवस बोल, फोन येऊ दे म्हणून. ती बोलायची नाही.

"आई, निदान मनात तरी म्हणा," संध्या एकदा म्हणाली.

"कं म्हनू? कोनाचा तरी पोर गारीखाली येऊ दे?"

"तसं नाही हो."

"तसाच हाय." काशीने विळी आडवी केली. "तू वाट बघ. तुला बघाला लागंल. मी नाय बघनार."

*

दुसऱ्या दिवशी गेटवर फोन जमा करण्याआधी संध्याने तालीम म्हणून घरी लावला.

वाजला. वाजत राहिला. बंद.

परत. वाजला. वाजत राहिला.

परत.

मागे रांग. वॉचमन म्हणाला, "मॅडम, जमा करा ना, बेल झाली." तिने फोन जमा केला नाही. अर्धी रजा टाकली आणि रिक्षा केली. कामोठ्यापर्यंत तिने मनात त्याला पडलेला बघितला होता. सारसोळ्याच्या कमानीपर्यंत शेजारीपाजारी जमलेले बघितले होते.

नामदेव खुर्चीत बसला होता. फोन मांडीवर. डोळे मिटलेले, आणि दहाही बोटं खुर्चीच्या दांड्यांवर पडत होती.

"बाबा! उचलत का नाही?"

त्याने डोळे उघडले. "आयकला मी. तीनदा आयकला."

"मग?"

"चालू व्हता ना. मधीच तोराचा?"

सारसोळ्याच्या पार्टीचा एक नेम होता. नवऱ्या मुलाच्या अंगाला हळद लागत असताना सुरू झालेलं गाणं मधे तोडायचं नाही. लाईट गेली, मंडपात मारामारी झाली, बेंजोची तार तुटली, तरी ढोलकीने गाणं काठाला लावायचं. चुकून तुटलंच, तर नवऱ्याच्या आईने नारळ फोडून ते पहिल्यापासून वाजवून घ्यायचं. उभ्या जन्मात नामदेवच्या हातून गाणं तुटलं नव्हतं.

"हे लग्न नाहीये बाबा! तुमचं गाणं पूर्ण होईल आणि—" पुढचं तिने गिळलं. पण ऐकू न येणारी माणसं तोंडं वाचतात. नामदेवने वाचलं.

"बरं," तो म्हणाला. "उचलन."

उचलेना. दुसऱ्या दिवशीही नाही. बिचारा हात पुढे करायचा, बोट त्या हिरव्या गोलावर न्यायचा, आणि तिथेच थांबायचा. गाण्याच्या शेवटच्या समेची वाट बघत. सम यायच्या आधी रिंग संपायची.

*

रविवार. संध्याने माळ्यावर चढून ढोलकी काढली. कशाला, ते तिला तेव्हा सांगता आलं नसतं. राग आला होता. त्या वस्तूवर आला होता. धुळीने भरलेली ढोलकी मांडीवर घेऊन तिने दोन थपडा मारल्या. मग मनात आलं, कुठलं तरी वेगळं, छोटं काही वाजवून बघू. लवकर संपणारं. तिने टीव्हीत बघितलेलं आठवून बोटं चालवली. डावा हात उजव्याच्या पुढे गेला, उजवा अडखळला, मग दोन्ही एकदम पडले, मग काहीच नाही, मग

"कोन हाय ती?"

आतल्या खोलीतून नामदेव आला. डायलिसिसच्या दुसऱ्या दिवशी भिंत धरून चालणारा माणूस, भिंत न धरता आला. "कोन मारतं तिला? थांबव! थांबव पयला!"

तिने घाबरून हात उचलले. नामदेवने ढोलकी ओढून घेतली, छातीशी धरली आणि धापा टाकत म्हणाला, "गो, तुझ्या आयेन खेचराव बसून वाजवाला शिकवला का?"

संध्या त्याच्याकडे बघत होती. मग हळूच म्हणाली, "बाबा, परत द्या. एकदाच."

"नाय."

"एकदाच. रेकॉर्ड करायचंय."

प्रीतमने ते दुकानात ऐकलं आणि तोंड वाकडं केलं. "वहिनी, हा ठेका जरा सरळ करून देऊ? सॉफ्टवेअर आहे."

"हात लावू नका."

"अहो, निदान शेवटचं तरी—"

"प्रीतमभाऊ, एक मात्रा जरी सुधारलीत तर बघा."

*

लागलं. पहिल्याच वेळेला लागलं. तो आडवातिडवा धबधब आवाज सुरू झाला की नामदेव जिथे असेल तिथून फोनवर झडप घालायचा, विंचू चिरडावा तसा अंगठा दाबायचा आणि ओरडायचा, "उचलला!" आणि बंद करायचा.

सकाळी गेटवरून एकदा.

"उचलला!"

जेवणाच्या सुट्टीत एकदा. "उचलला गो!" संध्याकाळी सुटल्यावर एकदा. बसमध्ये तिच्या शेजारी बसणाऱ्या बायकांना ते पाठ झालं होतं. संध्या फोन कानाला लावून नुसती हसायची, बोलायची काही नाही. बोलायला होतं काय? उचलला की झालं. चैत्र गेला, वैशाख अर्धा गेला. एकदाही चुकला नाही. तिला रात्री झोप लागायला लागली.

*

आणि मग एका दुपारी सुट्टीत तिने गेटवर बिल्ला दिला, फोन घेतला.

नंदिनी मॅडम. नंदिनी मॅडम. नंदिनी मॅडम.

तिला पहिली आठवण झाली ती त्या ठेक्याची. उचलला असेल. बाबांनी उचलला असेलच. तिने लावला.

"ताई! कुठे आहात तुम्ही? मी तासभर लावतेय."

"मॅडम, आमच्या बाबांचा नंबर—"

"तोच सांगतेय. ते उचलतात. 'उचलला' म्हणतात आणि कट करतात. मी चारदा केला. काय प्रकार आहे हा?"

गेटसमोरून टँकर जात होता. संध्याला टँकर दिसत होता, आवाज येत नव्हता.

ज्या माणसाला रिंग ऐकू येत नाही, त्याला फोनमधली बाई कशी ऐकू येणार? प्रीतमला सुचलं नाही. काशीला नाही. तिला स्वतःला, बारावीपर्यंत शिकलेलीला, नाही. सगळ्यांनी मिळून त्याला उचलायला शिकवलं होतं. उचलून बंद करायला शिकवलं होतं.

"ताई, ऐकताय? किडनी आहे. गट जुळतोय. मी अजून एका पेशंटला बोलावलंय, बोलवावंच लागतं. पण तुमचे बाबा वर आहेत यादीत. रक्त लगेच लागेल. आणि त्यांनी खाल्लंय का?"

"सकाळचा चहा. जेवतात ते आई बाजारातून आल्यावर."

"जेवू देऊ नका. पाण्याचा घोटसुद्धा नको. जेवले तर भूलवाले आज हात लावणार नाहीत."

काशी बाजारातून यायची वेळ झाली होती.

*

रिक्षा. "दादा, सारसोळे. पळवा."

लावला.

"उचलला!"

कट.

"बाबा, कट करू नका, हॉस्पि—"

"उचलला गो, जा, काम कर!"

कट.

प्रीतमला लावला. उल्हासनगरला माल घ्यायला गेलेला. "वहिनी, मी निघतो, पण इथून..." भाडेकरूचा नंबर नामदेवच्या फोनमध्ये, तिच्याकडे नाही. शेजारची सुनयना मुलांना घेऊन माहेरी.

परत.

"उचलला!"

कट.

रिक्षावाल्याने आरशातून बघितलं. "मॅडम, कोण आहे? उचलतोय ना?"

"उचलतोय," संध्या म्हणाली आणि तिला हसू येतंय की रडू, ते तिलाच कळेना.

एक विचार आला. आपण लावत राहिलो तर मॅडमना त्यांचा फोन व्यस्त लागेल. पण मॅडमनी लावून तरी काय होणार? आणि नाही लावला तर आता काशी पाटी उतरवेल, हात धुवेल, चुलीवर तवा ठेवेल. आज बुधवार. नामदेवला बुधवारी सुक्या बोंबलाची चटणी आणि भाकर लागते. पहिला घास

लावला.

"उचलला, उचलला! कती वेला?"

कट.

खारघर. सिग्नल.

लावला. कट. लावला. कट. फोनच्या त्या टोकाला तिचाच बेताल हात त्याच्या डोक्यात पडत होता, पुन्हा पुन्हा, आणि ती थांबत नव्हती. डायलिसिसचा माणूस, दमलेलं हृदय, त्याला ती घरातल्या घरात पळवत होती. मरायचा यानेच. तिने लावला.

या वेळी "उचलला" आलं नाही.

"तू मना येरा समजतंस?" नामदेव गरजला. "एकदा उचलला, दोनदा उचलला, धा वेला उचलला! मी कं नोकर हाय तुझा? बापाला असा नाचवतंस? घाटी ती घाटीच! यो तुझा ठेका हाय का मयताचा बाजा? तोंड हाय का नाय? का नुसता वाजवाचा?"

"बाबा, बंद करू नका. शिव्या द्या. देत राहा. बाबा, बंद करू नका—"

"...माझ्या बापान मना कवा असा..."

मागे दार वाजलं. पाटी टेकल्याचा आवाज. मग लांबून, "कोनाला शिव्या देतंस रं? लोका आयकतान."

"आई!" संध्या अशी ओरडली की रिक्षा हलली. "आई! आई! आई!"

नामदेव बोलत होता. फोन हातातून हातात गेल्याची खरखर.

"कोन गो? संध्या? कं झाला? म्हातारा फोनला खातंय."

"बाबांनी खाल्लं का?"

"आं?"

"जेवले का बाबा?"

"आता त मी येतंय. वाटान्याच्या उसलीची वाटी घेऊन बसलाय, शेजारची देऊन गेली जाताना. अजून तोंडाला—"

"काढून घ्या! वाटी काढून घ्या हातातली!"

काहीतरी आपटलं. नामदेवचा नवा आरडाओरडा. काशीचा दम लागलेला श्वास परत फोनवर आला.

"घेतली. बोल."

संध्याने सांगितलं. कार्ड, फाईल, हिरवी पिशवी, रिक्षा. थेट हॉस्पिटल, मी तिकडेच येते. सगळं ऐकून झाल्यावर काशीने विचारलं, "कोन गेला?"

"माहीत नाही, आई."

त्या बाजूला कपाट उघडल्याचा आवाज आला.

"बरं," काशी म्हणाली. "निंगतंव."

*

हॉस्पिटलच्या चौथ्या मजल्यावर दोन बाकं समोरासमोर होती. एकावर नामदेव, काशी, संध्या. दुसऱ्यावर इंद्रजित नावाचा एक तरुण आणि त्याची बायको. त्याच्याही दंडावर सुयांनी फुगलेली तशीच शीर. दोघांचं रक्त घेऊन गेले होते. त्याच्या बायकोने काशीला पाण्याची बाटली देऊ केली. काशीने घेतली, हातात धरून ठेवली आणि प्यायली नाही. नवऱ्याला मनाई असताना कशी पिणार? त्या बाईनेही मग आपली पिशवीत टाकली.

एकाचं जुळलं की दुसऱ्याने उठून घरी जायचं, हे चौघांना माहीत होतं. नामदेव तेवढा इकडेतिकडे बघत होता. वॉर्डबॉय म्हणाला, "काका, जरा सरका." त्याने मान हलवली आणि सरकला नाही. नर्सने विचारलं, "ॲलर्जी आहे कशाची?" मान हलवली. डॉक्टर येऊन बरंच काही समजावून गेले, रक्तस्राव, जोखीम, हृदय. नामदेवने प्रत्येक वाक्याला मान हलवली, डॉक्टर थांबले तिथे आणखी एकदा.

नंदिनी मॅडम संध्याकाळी आल्या. फोनवरच्या आवाजापेक्षा वयाने लहान. त्या आधी समोरच्या बाकाकडे गेल्या, खाली वाकल्या. इंद्रजितने ऐकलं, चप्पल पायात घातली. त्याच्या बायकोला चप्पल सापडेना. ती पायातच होती.

मग त्या इकडे वळल्या. "त्यांचं जुळलं नाही. तुमचं जुळलंय. लगेच आत घ्यायचंय. काका, तयार ना?"

नामदेवने मान हलवली.

संध्या त्या मानेकडे बघत होती. डायलिसिस सुरू झालं तेव्हाही ती अशीच हलली होती. यादीत नाव घातलं तेव्हाही. इतके महिने सगळं घर त्याच्याशी ओरडून बोलत होतं, आणि ओरडलं की आवाज वर चढतो, बारीक होतो.

"दोन मिनिटं, मॅडम," ती म्हणाली.

ती त्याच्यासमोर खाली बसली. ओरडली नाही. आवाज जितका खाली नेता येईल तितका नेला, छातीत, पुरुषासारखा.

"बाबा. कुणीतरी माणूस गेलंय. त्याची किडनी तुम्हाला बसतेय. पोट कापणार. तुमचं हृदय धरेल की नाही, ते डॉक्टरांना सांगता येत नाही. घ्यायची?"

नामदेवची मान हलली नाही.

"यो मना आधी कोनी बोल्लाच नाय," तो म्हणाला.

"बोललो होतो. तुम्ही मान हलवायचात."

"मान त हलवाचीच. नायतं तुमी परत ओरडतंव." त्याने हात मांडीवर ठेवले. "कोनाची हाय?"

"सांगत नाहीत."

"त्याच्या घरच्यांना इच्यारला?"

"त्यांनीच दिली."

"आनी तो पोरगा?" त्याने समोरच्या बाकाकडे हनुवटी केली. बाक रिकामं होतं.

"त्याला बसली नाही."

मग तो काशीकडे वळला. ती बाटली तशीच धरून भिंतीकडे तोंड करून बसली होती. "तू कं बोलतंस?"

"मना नको इच्यारू," काशी म्हणाली. तिचा आवाज मुळातच जाडा, मासळीबाजारात कमावलेला. त्याला ऐकू गेला. "मी बोल्ली तं लोभान बोलन."

नंदिनी मॅडमनी घड्याळाकडे बघितलं.

नामदेव आपल्या पायांकडे बघत होता. संध्याला वाटलं, तो नाही म्हणणार. आणि तिला हेही कळलं की तो नाही म्हणाला तर या वेळी ती त्याच्यावर ओरडू शकणार नाही.

त्याने शर्टाचं वरचं बटण काढलं. मग दुसरं. तिसऱ्याला बोटं अडली, तेव्हा त्याने मान वर केली.

"मंग," त्याने नंदिनी मॅडमना विचारलं, "कपरं कंच्या खोलीत काराची?"